एका नांवाच्या दोन ओळी

शाळेच्या हजेरीपटावर कधीं कधीं एकाच नांवाच्या दोन ओळी आढळतात. पुष्कळदां वर्गांत त्या नांवाचे दोन मुलगे खरोखरच असतात. परंतु केव्हां केव्हां असेंही घडतें कीं, मुलगा एकच असून त्याचें नांव दोनदां चढलेलें असतें. अथवा एक मुलगा गांव सोडून गेलेला असतो आणि त्याचें नांव मात्र कोणी कमी केलेलें नसतें. रोज सकाळीं तें नांव पुकारलें जातें, क्षणभर वाट पाहिली जाते, उत्तर येत नाहीं, आणि मग पुढचें नांव घेतलें जातें. नव्या शिक्षकाला वाटतें, यांतील एक ओळ खोडून टाकावी. विचार योग्यच आहे. पण दोहोंपैकीं कोणती खोडावयाची? हजर असलेल्या मुलाचेंच नांव खोडलें गेलें, तर तो वर्गांत बसलेला असूनही शाळेच्या लेखीं नाहींसा होतो.

श्रोतेहो, आज घरोघर असलेल्या संगणकांतही असाच एक हजेरीपट असतो, आणि त्यावरही पुष्कळदां एकाच नांवाच्या दोन ओळी येऊन बसतात. त्या कां येतात, आणि त्यांतील नको असलेली ओळ इजा न होऊं देतां कशी काढावी, हाच आजच्या भाषणाचा विषय होय.

संगणकाची कळ दाबली म्हणजे तो एकदम कामाला लागत नाहीं. प्रथम त्याच्या मुख्य फलकावर कायमचा बसविलेला एक लहानसा कार्यक्रम जागा होतो. यंत्राचे अवयव ठीक आहेत कीं नाहींत हें पाहून तो डिस्कवरील दुसऱ्या एका लहान कार्यक्रमाच्या हातीं सूत्रें देतो. विंडोज ज्या संगणकावर आहे तेथें ह्या दुसऱ्या कार्यक्रमास बूट मॅनेजर म्हणतात. त्याला घराच्या दारावरील द्वारपाल समजावें. ह्या द्वारपालापाशीं एक यादी असते. ह्या घरांत कोणकोणत्या कार्यप्रणाली राहतात, त्या कोणत्या डिस्कच्या कोणत्या विभागांत आहेत, आणि कोणी कांहीं न सांगितल्यास कोणती उठवावयाची, हें तींत लिहिलेलें असतें. यादींत एकच नांव असेल तर द्वारपाल कोणास न विचारतां तीच प्रणाली सुरू करतो. दोन नांवें असतील तर तो दोन्ही पडद्यावर मांडतो आणि उत्तराची वाट पाहतो. ही मुदत बहुधा ३० सेकंदांची असते. तेवढ्यांत उत्तर न आल्यास ठरवून ठेवलेली प्रणाली तो आपण होऊन सुरू करतो.

विंडोज एक्सपीच्या काळापर्यंत ही यादी साध्या मजकुराच्या एका फाईलींत असे. ती उघडून नको ती ओळ पुसून टाकली कीं काम होई. २००७ सालीं विंडोज व्हिस्टा बाजारांत आली आणि ही पद्धत बदलली. तेव्हांपासून ही यादी बीसीडी नांवाच्या एका बंदिस्त कोठारांत ठेवली जाते. तें कोठार साध्या लेखनाच्या साधनानें उघडतां येत नाहीं. त्यासाठीं निराळीं साधनें आहेत. जुन्या माहितीच्या भरंवशावर नव्या संगणकांत ती फाईल शोधणाऱ्याच्या हातीं कांहींच लागत नाहीं, तें ह्यामुळें.

आतां ह्या दुहेरी ओळी कशा उत्पन्न होतात तें पाहूं. संगणकांत नवी डिस्क बसवून तीवर विंडोज पुन्हा घातली आणि जुनी डिस्क तशीच राहूं दिली, तर द्वारपाल दोघींचीं नांवें लिहून ठेवतो. एकाच डिस्कच्या दुसऱ्या विभागांत विंडोज घातली तरी तेंच होतें. जुना विभाग मागाहून पुसून टाकला, तरी त्याची ओळ यादींतून आपोआप जातेच असें नाहीं. घर पडलें तरी दारावरील पाटी राहावी, तशी ती राहते. क्वचित् प्रसंगीं मध्येंच फसलेली नवी आवृत्ति घालण्याची खटपटही आपल्यामागें एखादी ओळ ठेवून जाते. सारांश, दोन ओळी दिसल्या म्हणजे दोन्ही ठिकाणीं कोणी राहतें आहे असें नाहीं, आणि एक ओळ निरुपयोगी वाटली म्हणजे तिच्यामागें कोणीच नाहीं असेंही नाहीं. दोन्ही गोष्टी तपासूनच ठरवाव्या लागतात.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण घेऊं. समजा, एखाद्या तालुक्याच्या गांवीं एक सार्वजनिक वाचनालय आहे. तेथील वयोवृद्ध ग्रंथपालांनीं ग्रंथांची सूची आणि सभासदांची देवघेव संगणकावर चढविली आहे. संगणक मंद चालूं लागला, म्हणून सुटींत आलेल्या त्यांच्या भाच्यानें जुनी १ टेराबाइटची हार्ड डिस्क आंत तशीच ठेवून तिच्या जोडीला २५६ गिगाबाइटची नवी एसएसडी बसविली, आणि तीवर विंडोज ११ नव्यानें घातली. सूचीची एक प्रतही त्यानें नव्या डिस्कवर आणून ठेवली. संगणक चपळ झाला. परंतु दुसऱ्या दिवसापासून तो सुरू करतांना निळ्या पडद्यावर दोन ओळी दिसूं लागल्या: एक विंडोज ११, आणि तिच्याखालीं पुन्हा विंडोज ११.

ग्रंथपालांस दोहोंतील भेद कळण्याचें कांहीं साधन नव्हतें. कधीं त्यांच्या हातून वरची ओळ निवडली जाई, कधीं खालची. दोन्हीकडे सूची उघडे, दोन्हीकडे नोंद करतां येई. अशा रीतीनें दोन आठवडे लोटले. मग एके दिवशीं एक सभासद पुस्तक परत करावयास आला, तों सूचींत त्या पुस्तकाची देवघेव झाल्याची खूणच नाहीं! ती नोंद दुसऱ्या सूचींत होती. एका वहीच्या नकळत दोन वह्या झाल्या होत्या, आणि वाचनालयाचा हिशेब त्या दोहोंत विभागला गेला होता.

भाच्याला हें कळतांच तो म्हणाला, "मामा, यांत काय अवघड आहे? जुनी डिस्क समूळ पुसून टाकतों. मग दुसरी ओळच राहणार नाहीं."

मामा म्हणाले, "अरे, थांब. गेल्या मंगळवारीं गेलेलीं पुस्तकें कोणत्या डिस्कवर लिहिलीं आहेत, हें आधीं मला सांग. मग पूस."

भाच्याला तें सांगतां येईना; आणि ह्या एका प्रश्नानें वाचनालयाची नोंद वांचली. ह्या प्रसंगांत मनुष्याला जी चूक करण्याचा मोह होतो ती हीच: यादींतील नांव आणि त्या नांवाची वस्तु ह्या दोन गोष्टी एकच समजणें. ओळ खोडल्यानें डिस्कवरील एकही फाईल जात नाहीं, आणि एक तसूभरही जागा मोकळी होत नाहीं. उलट, विंडोजचा विभाग पुसल्यानें फाईली जातात, पण ओळ मात्र यादींत तशीच राहूं शकते. तेव्हां ज्याला केवळ दोन ओळींचा त्रास आहे, त्यानें ओळीलाच हात लावावा. डिस्कला लावूं नये.

तरीसुद्धां ओळ खोडण्यापूर्वीं तिची ओळख पटली पाहिजे. येथें एक गंमतीची अडचण आहे. नव्या विंडोजमध्यें शिरून पाहिलें, तर ती आपल्या विभागास 'सी' हें अक्षर देते आणि जुन्या विभागास 'डी' किंवा दुसरें एखादें अक्षर देते. म्हणून कोणी लिहून ठेवील कीं, 'सी' ती नवी. परंतु जुन्या विंडोजमध्यें शिरून पाहिलें, तर तीही आपल्याच विभागास 'सी' म्हणते! यादी दाखविणारें साधनही जी प्रणाली त्या वेळीं चालू असेल तिच्यापुढें 'करंट', म्हणजे 'चालू', एवढेंच लिहितें. दुसरी प्रणाली सुरू करून तीच यादी पाहिली तर तो शब्द दुसऱ्या ओळीवर गेलेला दिसतो. व्याकरण शिकलेल्यांस ह्यांत नवल वाटूं नये. 'करंट' हें विशेषनाम नसून सर्वनाम आहे. जो बोलतो तो स्वतःस 'मी' म्हणतो. तेवढ्यावरून बोलणारा कोण हें ठरत नाहीं. पडद्यावरील एखाद्या ओळीस 'व्हॉल्यूम' हा शब्द आणि एखादा अंक जोडलेला असतो. पण त्यावरूनही सामान्य मनुष्यास बोध होत नाहीं.

ह्यावर सोपा उपाय असा कीं, ओळख आपणच लावून द्यावी. मामांनीं भाच्याकडून प्रथम तेंच करविलें. वरच्या ओळीनें संगणक सुरू केला. तेथें 'सी' विभाग सुमारें अडीचशें गिगाबाइटांचा दिसला. म्हणजे ती नवी डिस्क. तिच्या पडद्यावर हिरवें चित्र लावलें. मग संगणक बंद करून खालच्या ओळीनें सुरू केला. तेथें 'सी' विभाग त्याहून पुष्कळ मोठा, म्हणजे ती जुनी डिस्क. तिच्या पडद्यावर तांबडें चित्र लावलें. आतां कोणत्या घरांत पाऊल पडलें आहे हें ग्रंथपालांस चष्म्याशिवायही कळूं लागलें. त्यानंतर दोन्ही सूच्यांच्या प्रती एका पेन ड्राइव्हवर घेतल्या, आणि दोन दिवस बसून मामा-भाच्यांनीं दोन्हींकडील नोंदी तारीखवार ताडून एका सूचींत आणल्या. हें काम संगणकाचें नव्हे, चिकाटीचें होतें. पण तें आधीं केलें म्हणून पुढील सर्व निर्धास्तपणें करतां आलें.

आतां प्रत्यक्ष ओळ काढण्याची कृति. ज्यांना ती करावयाची असेल त्यांनीं कागद-पेन्सिल जवळ घ्यावी.

जी विंडोज ठेवावयाची आहे तिनेंच संगणक सुरू करावा. हा पहिला नियम, आणि ह्याला अपवाद करूं नये. डिस्कला बिटलॉकरचें कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली आधीं कागदावर उतरून ठेवावी. कारण सुरू होण्याच्या व्यवस्थेंत फेरफार झालेला पाहून संगणक पुढल्या वेळीं ती मागण्याचा संभव असतो. नंतर यादीची नक्कल करून ठेवावी. त्याकरितां शोधाच्या चौकटींत 'सीएमडी' हीं तीन अक्षरें टंकावीं, येणाऱ्या 'कमांड प्रॉम्प्ट' ह्या नांवावर उजवी कळ दाबावी आणि प्रशासकाच्या अधिकारानें तें उघडावें. काळ्या चौकटींत 'बीसीडीएडिट' हा शब्द, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला जोडून 'एक्सपोर्ट', मग पुन्हा जागा सोडून पेन ड्राइव्हवरील फाईलीचा पत्ता लिहून 'एंटर' दाबावें. अर्थात् हें सर्व रोमन अक्षरांत लिहावयाचें. पुढें कांहीं बिघडलें तर हीच नक्कल 'इंपोर्ट' ह्या शब्दानें परत बसवितां येते.

त्याच चौकटींत नुसता 'बीसीडीएडिट' शब्द लिहून 'एंटर' दाबल्यास सगळी यादी पुढें येते. प्रत्येक ओळीची ओळखखूण, तिचा विभाग आणि तिचें नांव तींत दिलेलें असतें. चालू प्रणालीच्या ओळखखुणेच्या जागीं 'करंट' असतें. दुसरीच्या जागीं बहुधा महिरपी कंसांत ३२ अक्षरांची व अंकांची लांबलचक खूण असते. एखाद्या ओळीच्या विभागाच्या जागीं 'अननोन', म्हणजे 'अज्ञात', असा शब्द आढळला, तर ती ज्या विभागाकडे बोट दाखविते तो विभाग आतां संगणकास सांपडत नाहीं असें समजावें. विभाग खरोखरच पुसला गेला असेल, तर ती गांव सोडून गेलेल्या मुलाची ओळ होय. परंतु ती डिस्क केवळ सुटी करून ठेवलेली असेल, तर मुलगा आजारी आहे, गेलेला नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

एवढी खात्री पटल्यावर खोडण्याचें काम अगदीं सोपें आहे. विंडोजची कळ आणि 'आर' ही कळ एकदम दाबावी. येणाऱ्या लहान चौकटींत 'एमएसकॉन्फिग' लिहून 'एंटर' दाबावें. 'सिस्टीम कॉन्फिगरेशन' नांवाची खिडकी उघडेल. तींतील 'बूट' ह्या पानावर त्याच दोन ओळी दिसतील. चालू प्रणालीच्या ओळीपुढें 'करंट ओएस' आणि आपोआप सुरू होणाऱ्या ओळीपुढें 'डिफॉल्ट ओएस' असें लिहिलेलें असतें. ठेवावयाच्या ओळीपुढें हे दोन्ही शब्द नसतील, तर ती निवडून 'सेट अॅज डिफॉल्ट' ही कळ दाबावी. मग दुसरी ओळ निवडून 'डिलीट' आणि शेवटीं 'ओके' दाबावें. संगणक पुन्हा सुरू केला म्हणजे पडद्यावरील प्रश्न नाहींसा झालेला दिसतो.

ज्यांच्या मनाला एवढी घाई बरी वाटत नाहीं, त्यांच्यासाठीं अधिक सावध मार्ग आहे. ओळ खोडण्याऐवजीं प्रथम तिचें नांव बदलावें. एकीचें 'नवी' आणि दुसरीचें 'जुनी' असें नांव रोमन अक्षरांत द्यावें. 'बीसीडीएडिट' ह्याच साधनानें, 'सेट' ह्या शब्दापुढें ओळखखूण, मग 'डिस्क्रिप्शन' हा शब्द आणि अवतरणचिन्हांत नवें नांव लिहून तें करतां येतें. मग आठवडाभर थांबावें. त्या आठवड्यांत 'जुनी' उघडण्याची एकदांही गरज पडली नाहीं, तर ती खुशाल खोडावी. ग्रंथपालांनीं हाच मार्ग पत्करला.

ओळ गेली, तेव्हां भाचा म्हणाला, "मामा, आतां तरी डिस्क पुसूं ना?"

"पूस, पण आधीं ती काढून ठेव, आणि तिच्याशिवाय हा संगणक उठतो का तें मला दाखव."

संगणक बंद करून, विजेची तार काढून, भाच्यानें जुनी डिस्क सुटी केली. मग कळ दाबली. काळ्या पडद्यावर एवढाच मजकूर उमटला कीं, सुरू करण्याजोगें कांहीं सांपडत नाहीं. भाचा गोंधळला. नवी डिस्क धडधाकट होती, तीवरील विंडोजही शाबूत होती. मग हें काय झालें?

झालें तें असें. द्वारपाल स्वतः विंडोजच्या विभागांत राहत नाहीं. नव्या पद्धतीच्या संगणकांत त्याच्यासाठीं ईएफआय नांवाचा एक निराळा लहानसा विभाग राखलेला असतो, आणि यादीचें कोठारही तेथेंच असतें. भाच्यानें नवी विंडोज घालतांना जुनी डिस्क आंत जोडलेलीच होती. तीवर द्वारपालाची खोली आधींच बांधलेली पाहून विंडोजनें नवी खोली बांधली नाहीं; जुन्याच खोलींत नवें नांव लिहून ठेवलें. म्हणजे घर नव्या डिस्कवर आणि दार जुन्या डिस्कवर! जुनी डिस्क समूळ पुसली असती, तर त्याबरोबर दारही गेलें असतें, आणि धडधाकट घरांत शिरण्यास वाट उरली नसती. म्हणून, नवी विंडोज घालावयाची असेल तेव्हां जुनी डिस्क आधीं सुटी करून ठेवावी, आणि जुनी डिस्क पुसावयाची असेल तेव्हां ती सुटी करून संगणक उठतो कीं नाहीं हें पाहावें. ह्या परीक्षेला पैसा लागत नाहीं, आणि ती चुकली तरी नुकसान कांहींच होत नाहीं. डिस्क परत जोडली कीं सर्व पूर्ववत् होतें.

मामांनीं डिस्क परत जोडावयास लावली. पुढें एका जाणत्या कारागिराकडून नव्या डिस्कवर द्वारपालासाठीं लहानसा विभाग करवून घेतला. 'बीसीडीबूट' ह्या साधनानें त्यानें तेथें नवा द्वारपाल बसविला. आणि जुनी डिस्क काढूनही संगणक सुरळीत उठला तेव्हांच तिच्यावर पुसण्याचा हात फिरला.

विंडोजखेरीज दुसऱ्या दोन ठिकाणींही अशाच याद्या असतात, त्यांचा निर्देश केला पाहिजे. एक यादी संगणकाच्या मुख्य फलकाच्या स्मृतींतच असते. संगणकांतून उबंटूसारखी लिनक्स प्रणाली काढून टाकली, तरी तिचें नांव तेथें राहूं शकतें. विंडोजच्या 'बूट' पानावर तें कितीही शोधलें तरी सांपडणार नाहीं. दुसरी यादी लिनक्स वापरणाऱ्यांच्या ओळखीची. तिच्या द्वारपालाचें नांव ग्रब. तेथें एकाच लिनक्सच्या गाभ्याच्या अनेक आवृत्त्या ओळीनें दिसतात. त्या चुकून आलेल्या नसतात. नवी आवृत्ति बिघडल्यास जुनीनें काम चालावें म्हणून त्या मुद्दाम राखलेल्या असतात. त्यांतील निदान एक जुनी आवृत्ति शिल्लक ठेवावी, आणि बाकीच्या काढावयाच्या त्या लिनक्सच्याच साधनानें काढाव्यात. यादीची फाईल हातानें खरडूं नये, कारण ग्रब ती वेळोवेळीं नव्यानें लिहितो आणि हातानें केलेला फेरफार पुसला जातो. तात्पर्य, ओळ जेथें दिसते, तेथील यादी कोणाची आहे हें आधीं ओळखावें, आणि ज्याची यादी त्याच्याच साधनानें ती दुरुस्त करावी.

दोन ओळींचा हा प्रश्न तसा क्षुल्लक आहे. ३० सेकंद थांबलें तर तो आपोआप सुटतो, आणि कित्येक घरीं तो वर्षानुवर्षें तसाच राहतोही. पण वाचनालयाच्या उदाहरणावरून दिसून येईल कीं, दुर्लक्ष केलें तर त्यांतून एका वहीच्या दोन वह्या होतात, आणि उतावीळ केली तर दोन्ही वह्या हातच्या जातात. जुना अनुभवी शिक्षक हजेरीपटावरील नांव खोडण्यापूर्वीं वर्गांत जाऊन मुलाला हांक मारून पाहतो, आणि ओ आली नाहीं म्हणून लगेच लेखणी उचलीत नाहीं. घरीं निरोप पाठवून विचारतो. ग्रंथपालांनीं एवढेंच केलें. आज त्यांच्या वाचनालयांतील संगणक सुरू होतांना कांहीं विचारीत नाहीं, आणि मंगळवारीं गेलेलीं पुस्तकें सूचींत आपापल्या जागीं आहेत.